इव्हॅक्युएट म्हणजे नेमकं काय, आणि ते वाक्यात बरोबर कसं वापरायचं

पावसाळ्यात दरवर्षी पेपरात मथळा असतो, "पूरग्रस्त भागातील नागरिकांचे स्थलांतर". हेच कुणाला इंग्रजीत सांगायला सांगा, दहातले निम्मे तरी म्हणतील "पीपल मायग्रेटेड". ऐकणाऱ्याला वाटतं लोक कामधंद्यासाठी गाव सोडून गेले, कारण इंग्रजीत मायग्रेट म्हटलं की पोटापाण्यासाठी, राहायला म्हणून दुसरीकडे जाणं, आणि इथे तर घरात पाणी शिरायच्या आत लोकांना शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात नेऊन ठेवलंय, चार दिवसांनी ते परत घरी जाणार आहेत. मराठीत 'स्थलांतर' दोन्हीला चालतं, इंग्रजीत चालत नाही. तिथे पाहिजे इव्हॅक्युएट. हा शब्द आपण वाचलेला असतो, ऑफिसच्या जिन्यात लावलेल्या नकाशावर बघितलेला असतो, पण बोलायची वेळ आली की अडतो. म्हणून सावकाश, एकेक पायरी घेऊन बघूया.

पायरी १ : उच्चार आणि स्पेलिंग

इ-व्हॅ-क्यु-एट. जोर 'व्हॅ'वर द्यायचा, पहिल्या 'इ'वर नाही. भूतकाळ इव्हॅक्युएटेड, चालू क्रिया इव्हॅक्युएटिंग, नाम इव्हॅक्युएशन, आणि ज्याला हलवलंय तो माणूस इव्हॅक्युई, तिथे जोर एकदम शेवटच्या 'ई'वर जातो.

स्पेलिंग ई, व्ही, ए, सी, यू, ए, टी, ई. सी एकच आणि क्यू कुठेच नाही. एक जपायचं, सीच्या जागी एल पडला की शब्द होतो इव्हॅल्युएट, म्हणजे मूल्यमापन करणं, आणि स्पेलचेकर ते पकडत नाही कारण तोही खरा शब्द आहे. "ऑल स्टाफ वेअर इव्हॅल्युएटेड" असा मेल गेला तर लोकांना वाटेल अप्रेझल झालं. सेफ्टीचा मेल पाठवताना तेवढं एक अक्षर डोळ्यांनी तपासाच.

पायरी २ : मुळात अर्थ काय

शब्द लॅटिनमधून आलाय आणि मूळ अर्थ आहे 'रिकामं करणं'. व्हॅकंट, व्हेकेट, व्हॅक्युम, हे सगळे त्याच घरातले. हे नुसतं ज्ञान म्हणून सांगत नाहीये, याने पुढचं सगळं सोपं होतं, कारण इव्हॅक्युएटच्या पोटात कायम एक 'जागा' असते जी रिकामी होतेय. पळणं, वाचणं, सुटणं हे त्याचे अर्थ नाहीत. धोका आहे, म्हणून जागा रिकामी करायची, आणि बहुतेक वेळा कुणीतरी ठरवून, सांगून, व्यवस्था करून ती रिकामी करतंय.

ही 'व्यवस्था' फार महत्त्वाची आहे. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचं उदाहरण घ्या, त्यात महाराष्ट्रातली मेडिकलची मुलंही बरीच होती. २ मार्चला भारतीय दूतावासाने खारकीव्हमधल्या मुलांना सांगितलं की ताबडतोब शहर सोडा, जवळच्या पिसोचिन, बाबाई, बेझल्युडिव्हका या गावांकडे जा, वाहन नसेल तर चालत जा. त्या सूचनेत क्रियापद होतं साधं 'लीव्ह'. कारण मुलांनी आपापलं निघायचं होतं, न्यायला गाडी येणार नव्हती. आणि सुमी शहरात अडकलेल्या जवळपास ७०० मुलांना ८ मार्चला बसने पोल्टाव्हाला नेलं, ती बातमी जगभर आली ती 'इव्हॅक्युएटेड' म्हणून. धोका तोच, देश तोच, आठवडाही जवळपास तोच. पण एकीकडे स्वतः निघायचं होतं आणि दुसरीकडे बाहेर काढण्याची सोय केलेली होती. हा फरक एकदा मनात बसला की निम्मं काम झालं.

पायरी ३ : वाक्याचे तीन साचे

पहिला साचा, क्रियापदानंतर जागा. "द फायर ब्रिगेड इव्हॅक्युएटेड द बिल्डिंग." अग्निशमन दलाने इमारत रिकामी केली. इथे कर्ता रहिवासी घेतला तरी चालतं, "द रेसिडेंट्स इव्हॅक्युएटेड द बिल्डिंग", म्हणजे रहिवाशांनी इमारत रिकामी केली, ते बाहेर पडले. मराठीत 'रिकामी केली' दोघांनाही चालतं ना, तसंच.

दुसरा साचा, क्रियापदानंतर माणसं. "द आर्मी इव्हॅक्युएटेड द व्हिलेजर्स." लष्कराने गावकऱ्यांना सुरक्षित ठिकाणी हलवलं. कुठून ते सांगायला फ्रॉम, कुठे ते सांगायला टू. "द पेशंट्स वेअर इव्हॅक्युएटेड फ्रॉम द आयसीयू टू अनादर हॉस्पिटल." जुन्या पद्धतीचे काही जण म्हणायचे की जागाच इव्हॅक्युएट होते, माणसं नाही. आता तसं कुणी मानत नाही, माणसांसाठी सर्रास चालतं, बिनधास्त वापरा.

तिसरा साचा, पुढे काहीच नाही. "वी हॅड टू इव्हॅक्युएट अ‍ॅट मिडनाइट." आम्हाला मध्यरात्री बाहेर पडावं लागलं. कॅलिफोर्निया, फ्लोरिडाकडच्या बातम्यांमध्ये हा साचा सारखा दिसतो.

आता "वी इव्हॅक्युएटेड फ्रॉम द बिल्डिंग" चालतं का? चालतं, चूक नाही, पण 'फ्रॉम' काढलंत तर वाक्य आटोपशीर होतं. 'इव्हॅक्युएट आउट' मात्र नको, बाहेर जाणं क्रियापदातच आलेलं आहे.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, धोका कधीही इव्हॅक्युएट होत नाही. "दे इव्हॅक्युएटेड द फायर", "दे इव्हॅक्युएटेड द फ्लड" ही वाक्यं साफ चूक. जागा किंवा माणसं, दोनच पर्याय. आपण मराठीत 'पुरातून बाहेर काढलं' म्हणतो त्यामुळे पूर हा शब्द क्रियापदाला चिकटायला बघतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

पायरी ४ : मग धोका वाक्यात कुठे बसवायचा

धोका अजून यायचाय का, येऊन गेला का, की आत्ता चालू आहे, यावर शब्द ठरतो. यायचा असेल तर 'अहेड ऑफ'. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकायच्या आधी ओडिशा सरकारने दहा लाखांहून जास्त माणसं हलवली होती, ते इंग्रजीत असं, "मोअर दॅन अ मिलियन पीपल वेअर इव्हॅक्युएटेड इन ओडिशा अहेड ऑफ सायक्लोन फनी". याच राज्यात १९९९ च्या महाचक्रीवादळात हजारो लोक गेले होते, तेव्हा 'अहेड ऑफ' या दोन शब्दांत किती जीव आहेत ते बघा. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ आलं तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या कच्च्या घरातल्या लोकांना आधीच हलवलं होतं, त्यालाही हेच वाक्य बसतं.

धोका येऊन गेला असेल तर 'आफ्टर' : "द स्टेशन वॉज इव्हॅक्युएटेड आफ्टर अ बॉम्ब थ्रेट." धोका वाढत चाललाय आणि त्याच वेळी लोकांना काढतायत, तर 'अ‍ॅज' : "फॅमिलीज वेअर इव्हॅक्युएटेड अ‍ॅज द वॉटर रोझ." नुसतं कारण सांगायचं तर 'ड्यू टू' किंवा 'बिकॉज ऑफ'.

'बाय'ची एक गंमत लक्षात घ्या. "इव्हॅक्युएटेड बाय द नेव्ही" म्हणजे नौदलाने काढलं, "इव्हॅक्युएटेड बाय बोट" म्हणजे बोटीने काढलं. माणसं किंवा संस्था असेल तर बहुतेक वेळा आधी 'द' येतो, वाहन असेल तर काहीच नाही, "बाय द बोट" म्हणायचं नाही.

पायरी ५ : पॅसिव्हला घाबरू नका

शाळेत पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे मार्कांपुरता विषय असतो, पण हे क्रियापद प्रत्यक्षात सगळ्यात जास्त पॅसिव्हमध्येच भेटतं. कारण सोपं आहे, कुणी हलवलं यापेक्षा कोण हललं आणि किती हलले हे वाचणाऱ्याला हवं असतं. चार रूपं तोंडात बसवा : आत्ता चालू आहे, "पीपल आर बीइंग इव्हॅक्युएटेड". झालंय आणि अजून लोक बाहेरच आहेत, "हॅव बीन इव्हॅक्युएटेड". झालं, कधी ते माहीत आहे, "वेअर इव्हॅक्युएटेड ऑन मंडे". होणार आहे, "विल बी इव्हॅक्युएटेड".

'हॅव बीन' आणि 'वेअर' मधला फरक फोनवर फार कामाला येतो. परदेशातल्या मुलाने आईला किंवा ऑफिसला कळवताना "वी हॅव बीन इव्हॅक्युएटेड, वी आर इन अ शेल्टर" म्हटलं की समजतं, सध्या ते घरी नाहीत, सुरक्षित जागी आहेत.

पायरी ६ : शेजारचे शब्द, कुठला कधी

इथे जरा थांबूया, कारण खरी गडबड इथेच होते.

रेस्क्यू म्हणजे माणूस आधीच संकटात अडकलाय आणि त्याला सोडवलं. इव्हॅक्युएटमध्ये अडकलेला असलाच पाहिजे असं नाही, बऱ्याचदा अडकायच्या आतच काढतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली कोल्हापूरला दोन्ही घडलं. ज्यांना पाणी चढायच्या आधी हलवलं ते इव्हॅक्युएट झाले, जे गच्चीवर, माळ्यावर अडकले आणि मग एनडीआरएफच्या बोटीने आले ते रेस्क्यू झाले. त्याच वर्षी २७ जुलैला बदलापूर वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, आत हजारभर प्रवासी होते, तिथे मुख्य शब्द रेस्क्यू, कारण चारी बाजूंनी पाणी होतं. पण गाडी रिकामी करण्याच्या बाजूने बघितलं तर "द ट्रेन वॉज इव्हॅक्युएटेड" हेही बरोबरच. म्हणजे एकाच घटनेला दोन शब्द लागू शकतात, तुम्ही माणसाच्या संकटाकडे बघताय की जागा रिकामी होण्याकडे, त्यावर शब्द निवडायचा. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र यात मोठा फरक आहे आणि तो असायलाच हवा : इव्हॅक्युएशन वेळेवर झालं तर रेस्क्यूची वेळ कमी येते.

एस्केप म्हणजे निसटणं, सुटणं. यात कुणी व्यवस्था करत नाही, आणि सुटलो हे नक्की असतं. "ही एस्केप्ड फ्रॉम द बर्निंग हाउस." इव्हॅक्युएट हा शब्द सुटका झालीच अशी हमी देत नाही, नुसती जागा सोडली एवढंच सांगतो.

फ्ली म्हणजे जीव घेऊन पळणं, भूतकाळ फ्लेड, स्पेलिंगमध्ये मात्र एफ, एल, ई, डी एवढंच. घाई, भीती, कुणाची सूचना नाही.

व्हेकेट आणि इव्हॅक्युएट हे तर सख्खे, म्हणून जास्त जपायचं. व्हेकेटमध्ये धोका असायलाच पाहिजे असं नाही. लीव्ह अँड लायसन्स संपलं, फ्लॅट सोडायचाय, "वी हॅव टू व्हेकेट द फ्लॅट बाय द थर्टी-फर्स्ट". इथे इव्हॅक्युएट लिहिलंत तर मालक घाबरून फोन करेल. मुंबईत पावसाळ्याआधी सी-१ वर्गातल्या, म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या इमारतींना महापालिकेच्या नोटिसा लागतात, तिथे दोन्ही शब्द भेटतात : नोटिशीने घर खाली करायला लावणं हे व्हेकेट, आणि एखाद्या रात्री भिंतीला तडा गेला, सगळ्यांना तातडीने खाली उतरवलं, ते इव्हॅक्युएट.

रिपेट्रिएट म्हणजे मायदेशी परत आणणं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वंदे भारत मिशनची विमानं आली त्याला सरकार रिपेट्रिएशन म्हणत होतं, आणि युद्धातून काढलं, जसं १९९० मध्ये कुवेतमधल्या भारतीयांना अम्मानमार्गे एअर इंडियाने आणलं, ते इव्हॅक्युएशन. लाखाहून जास्त माणसं होती ती, नागरी विमानांनी केलेल्या सगळ्यात मोठ्या इव्हॅक्युएशनमध्ये ते आजही गणलं जातं.

रिलोकेट म्हणजे कायमचं दुसरीकडे वसवणं. ३० जुलै २०१४ ला माळीणवर दरड कोसळली, नंतर जवळच आमडे इथे नवं गाव वसवलं, ते रिलोकेशन. इव्हॅक्युएशन तिथे झालंच नव्हतं, ती वेळच मिळाली नाही.

अबॅन्डन म्हणजे सोडून देणं, परत यायचा विचार नाही. बुडत्या जहाजाचा कप्तान "अबॅन्डन शिप" म्हणतो.

पायरी ७ : इव्हॅक्युई की रेफ्युजी

मराठीत दोघांनाही सहज 'निर्वासित' म्हटलं जातं. इंग्रजीत इव्हॅक्युई म्हणजे ज्याला धोक्याच्या जागेतून हलवलंय, बहुतेक वेळा स्वतःच्याच देशात आणि काही काळापुरतं. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनसारख्या शहरांतली लाखो मुलं खेड्यांत पाठवली, गळ्यात नावाचं लेबल अडकवून, ती इव्हॅक्युईज. रेफ्युजी म्हणजे जीव वाचवायला देशाची सीमा ओलांडून आलेला.

भारतात मात्र कायद्याच्या भाषेत इव्हॅक्युईला एक वेगळा अर्थ चिकटला, जुन्या जमिनीच्या कागदपत्रांत तो भेटतो. फाळणीत जे पाकिस्तानात निघून गेले त्यांची इथे मागे राहिलेली मालमत्ता म्हणजे 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी', त्यासाठी १९५० चा कायदा होता. म्हणजे उल्हासनगरला जे सिंधी आले ते इथे रेफ्युजी, आणि जे इथून गेले ते इव्हॅक्युई. जमिनीचे व्यवहार बघणाऱ्यांनी हे उलटसुलट करू नये.

पायरी ८ : घोषणा ऐकली तर काय समजायचं

माझ्या मते सगळ्यात आधी शिकायला हवं ते हे. इथे शब्द चुकीचा समजला तर जीवावर बेतू शकतं.

विमानात "डिसएम्बार्क" ऐकलंत तर शांतपणे उतरा. "इव्हॅक्युएट, इव्हॅक्युएट" ऐकलंत तर सीटबेल्ट काढा, बॅग वर आहे तिथेच राहू द्या, आणि क्रू दाखवेल त्या दाराने घसरगुंडीवरून खाली. विमान पास होण्यासाठी चाचणीत निम्मी दारं बंद ठेवून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडावे लागतात, त्यात बॅग काढायचा वेळ धरलेलाच नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं, आतले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले, आणि लोकांनी सामान मागे ठेवलं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

ऑफिसमध्ये "प्लीज इव्हॅक्युएट द बिल्डिंग अँड प्रोसीड टू द असेम्ब्ली पॉइंट" म्हणजे लिफ्ट नाही, जिन्याने खाली, ठरलेल्या मोकळ्या जागेत थांबा, मोजणी होईपर्यंत परस्पर चहाला जाऊ नका, कारण तुम्ही मोजणीत नसलात तर तुम्हाला शोधायला कुणीतरी परत आत जाईल. "ऑल क्लिअर" ऐकल्याशिवाय परत आत शिरायचं नाही.

अमेरिकेत मुलगा, मुलगी असलेल्यांनी हे जरूर वाचा. कॅलिफोर्नियात वणव्याच्या वेळी दोन वेगळे निरोप येतात. "इव्हॅक्युएशन वॉर्निंग" म्हणजे धोका येऊ शकतो, तयारीत राहा, आणि घरात म्हातारी माणसं, लहान मुलं, जनावरं असतील, निघायला वेळ लागणार असेल, तर आत्ताच निघा. "इव्हॅक्युएशन ऑर्डर" म्हणजे जीवाला तातडीचा धोका, लगेच निघा, तो भाग कायद्याने बंद झाला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीत हे दोन्ही शब्द लोकांच्या फोनवर येत होते. आणि "शेल्टर इन प्लेस" आलं तर बरोब्बर उलटं, आहात तिथेच थांबा, दारं खिडक्या लावा, बाहेर पडू नका. वायुगळतीत असं सांगतात.

पायरी ९ : धोका नसलेले अर्थ

डॉक्टर हा शब्द आतडी किंवा मूत्राशय रिकामं होण्यासाठी वापरतात, साचलेलं रक्त काढलं तरी "इव्हॅक्युएशन" लिहितात, रिपोर्टवर दिसलं तर दचकू नका. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्यांना 'ईटीसी' म्हणतात ना, त्यातला ई म्हणजे इव्हॅक्युएटेड, नळीच्या दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते म्हणून उष्णता बाहेर जात नाही. तोच मूळ अर्थ, रिकामं करणं. लष्करात जखमींना हेलिकॉप्टरने आणतात त्याला मेडिव्हॅक म्हणतात, मेडिकल इव्हॅक्युएशनचं छोटं रूप.

पायरी १० : आता तुम्ही करून बघा

मराठी वाचा, उत्तर झाकून आधी स्वतः बोला, मग बघा.

"धरणातून पाणी सोडणार म्हणून नदीकाठची गावं रिकामी केली." : "द रिव्हरसाइड व्हिलेजेस वेअर इव्हॅक्युएटेड अहेड ऑफ द डॅम रिलीज."

"आजीला कालच बोटीने हलवलं." : "माय ग्रँडमदर वॉज इव्हॅक्युएटेड बाय बोट यस्टरडे." आजी छतावर अडकलेली असेल तर रेस्क्यूड.

"कॉलेजमध्ये धूर झाला, आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, अजून आत सोडलेलं नाही." : "देअर वॉज स्मोक इन द कॉलेज, वी हॅव ऑल बीन इव्हॅक्युएटेड, अँड वी आर स्टिल नॉट अलाउड इन."

"घरमालकाने महिन्यात खोली खाली करायला सांगितली." : इथे इव्हॅक्युएट नाही. "द ओनर हॅज आस्क्ड अस टू व्हेकेट द रूम इन अ मंथ."

"दंगल सुरू झाली तसे दुकानदार पळाले." : "द शॉपकीपर्स फ्लेड व्हेन द रायट ब्रोक आउट." पोलिसांनी येऊन बाजार रिकामा केला असेल तर "द पोलीस इव्हॅक्युएटेड द मार्केट".